बसलेली घडी मोडण्याचे धैर्य : शेठ वालचंद हिराचंद

अहेरी, सिरोंचा, भामरागड आणि एटापल्ली या दिशांचे रस्ते जेथे एकत्र येतात, ते आलापल्ली गाव सागवानाच्या अरण्याने वेढलेले आहे. पावसाळ्यात नदी-नाल्यांना पूर आला की पुढचे मार्ग बंद पडावेत, हा येथील वर्षानुवर्षांचा अनुभव. अशा प्रदेशात व्यापारासाठी येऊन स्थिरावलेल्या जैन कुटुंबांच्या पहिल्या पिढीने मूळ गाव, आप्तस्वकीय, नित्यदर्शनाचे मंदिर आणि साधुसंतांचा सहवास मागे ठेवून येथवर येण्याचे धाडस केले होते. दुकानाचा ओटा, धान्याची पोती, कापडाचे तागे आणि उधारीची वही एवढ्या साधनांवर त्यांनी संसार उभे केले. दुसऱ्या पिढीने व्यापार वाढविला. तिसऱ्या पिढीच्या वाट्याला मात्र चालते दुकान, बांधलेले घर आणि गावातील प्रतिष्ठा आयतीच आली. पहिल्या पिढीचे साहस हेच तिसऱ्या पिढीचे सुख होते आणि त्या सुखात साहसाची आठवण हळूहळू बुजून जाते, हा व्यापारी घराण्यांत सर्वत्र दिसणारा नियम आहे.

या नियमास अपवाद ठरलेले जे थोडे पुरुष जैन समाजात होऊन गेले, त्यांत सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. भारतीय जहाज वाहतूक, जहाजबांधणी, विमाननिर्मिती आणि मोटार उद्योग या चारही क्षेत्रांच्या पायाभरणीत त्यांचा हात होता. त्यांच्या कारखान्यांची आणि संपत्तीची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु ज्याला काहीही कमी नव्हते अशा माणसाने हाती असलेले सुख बाजूस सारून अनोळखी वाट का धरली आणि त्या वाटेवर वारंवार हानी सोसूनही तो मागे का फिरला नाही, हा त्यांच्या चरित्रातील खरा विचारणीय भाग आहे.

सुस्थित घराण्यातील जन्म

दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. पूर्वजांनी ते गाव सोडले, महाराष्ट्राची वाट धरली आणि पुढे सोलापुरास हे घराणे नावारूपास आले. कापसाचा व्यापार आणि सावकारी पेढी हे घराण्याचे मुख्य व्यवसाय होते. वालचंदजींचे वडील शेठ हिराचंद नेमचंद हे दिगंबर जैन समाजातील विचारवंत व सुधारक गृहस्थ. समाजात ज्ञानाचा प्रसार व्हावा या हेतूने त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात सोलापुरातून जैन बोधक हे मासिक सुरू केले. व्यापार आणि धर्मचिंतन यांचा मेळ असलेल्या या घरात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी वालचंदजींचा जन्म झाला.

बालवयातच त्यांचे मातृछत्र हरपले; परंतु घर भरलेले होते, पैशाची ददात नव्हती. सोलापुरातील शालेय शिक्षणानंतर मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय आणि पुण्याचे डेक्कन महाविद्यालय येथे त्यांनी उच्च शिक्षण घेतले. पदवी मात्र पूर्ण झाली नाही आणि ते घरच्या व्यवसायात आले.

येथपर्यंतची कथा कोणत्याही सुस्थित व्यापारी घराण्यातील मुलाची असू शकेल. शिक्षण थोडे, पेढी मोठी, वडिलांचे नाव सर्वतोमुखी. गादीवर बसावे, हुंड्या पाहाव्यात, व्याजाचा हिशेब करावा आणि कापसाच्या भावावर नजर ठेवावी, एवढे केले असते तरी त्यांचे आयुष्य सन्मानाने गेले असते. समाजानेही त्यांना कर्तबगार पुत्र म्हणून गौरविलेच असते. तथापि या व्यवसायात त्यांचे मन रमले नाही. आयती मिळालेली घडी उलगडून पाहण्याची, प्रसंगी ती विस्कटण्याची वृत्ती त्यांच्या ठायी होती.

रुळांच्या वाटेने

विसाव्या शतकाच्या प्रारंभी लक्ष्मणराव फाटक नावाच्या एका गृहस्थांशी त्यांची गाठ पडली. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. त्यांना कामाची माहिती होती, पण भांडवल नव्हते. वालचंदजींपाशी भांडवल होते, पण कामाचा अनुभव नव्हता. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या विस्ताराचे कंत्राट घेतले. पेढीवर बसून कर्ज देणाऱ्या घराण्यातील तरुणाने उन्हातान्हात मातीचे भराव घालणाऱ्या मजुरांमध्ये उभे राहावे, हे त्या काळच्या व्यापारी समाजास सहज पटण्यासारखे नव्हते. सावकारीत पैसा बसल्या जागी वाढतो. कंत्राटात मात्र पाऊस, दगड, मजूर, साहेबांची मर्जी आणि मुदत या साऱ्यांशी रोज झुंज असते. वालचंदजींनी ही झुंज पत्करली.

एका लहानशा लोहमार्गाच्या कामापासून सुरू झालेला हा व्यवसाय पहिल्या महायुद्धाच्या काळात वाढीस लागला. १९२० मध्ये टाटांसमवेत टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. मुंबई-पुणे लोहमार्गावरील भोर घाटातील बोगदे, तानसा तलावाचे पाणी मुंबईस आणणाऱ्या जलवाहिन्या आणि ब्रह्मदेशात इरावती नदीवरील पूल अशी बिकट कामे त्यांच्या कंपन्यांनी पार पाडली. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना झाली. मोठी अभियांत्रिकी कामे इंग्रज कंपन्यांनीच करावयाची असतात, ही समजूत या कामांनी खोटी ठरविली.

समुद्राचे आव्हान

बांधकामाचा व्यवसाय स्थिरावला होता. वय ३६ वर्षांचे, पैसा व नावलौकिक दोन्ही हाताशी. पुन्हा एकदा स्वस्थ बसता आले असते. नेमक्या याच वेळी त्यांनी जमीन सोडून समुद्राकडे पाहिले.

भारतात जहाजविद्या नवी नव्हती. सागवानाचे मोल आलापल्लीच्या रहिवाशांना निराळे सांगावयास नको. याच लाकडापासून मुंबईच्या गोदीत पारशी वाडिया घराण्याने बांधलेली जहाजे एकेकाळी इंग्रजांच्या आरमारात मानाने वावरत होती. १८१७ साली मुंबईत बांधलेले ट्रिंकोमाली हे सागवानी जहाज इंग्लंडमध्ये आजही जतन केलेले आहे. परंतु लोखंडी आगबोटींचे युग आले आणि भारताचा सागरी व्यापार परकीय कंपन्यांच्या मुठीत गेला. जमशेटजी टाटांनी १८९३ च्या सुमारास स्वतःची जहाजसेवा काढली, ती परकीय स्पर्धेपुढे टिकली नाही. १९०६ मध्ये तुतिकोरिन येथे चिदंबरम पिल्ले यांनी स्वदेशी जहाज कंपनी स्थापन केली. तिचाही काही वर्षांतच अंत झाला आणि स्वतः पिल्ले यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली कारावास भोगावा लागला. समुद्रात उतरणे म्हणजे काय, याची ही दोन उदाहरणे वालचंदजींच्या डोळ्यांसमोर होती.

१९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या सिंदिया महाराजांचे एस. एस. लॉयल्टी हे जहाज विक्रीस असल्याचे त्यांना समजले. हे जहाज मूळचे एम्प्रेस ऑफ इंडिया या नावाचे, १८९१ पासून प्रशांत महासागरात ये-जा केलेले. महायुद्धात महाराजांनी ते विकत घेऊन रुग्णालयाचे जहाज म्हणून चालविले होते. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास या सहकाऱ्यांसह वालचंदजींनी ते खरेदी केले. २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली आणि अवघ्या ९ दिवसांनी, ५ एप्रिल १९१९ रोजी, लॉयल्टीने मुंबईहून लंडनकडे प्रयाण केले. भारतीय मालकीच्या कंपनीचे जहाज आंतरराष्ट्रीय मार्गावर निघाले, त्या दिवसाच्या स्मरणार्थ १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

हा प्रसंग जितका गौरवाचा, तितकाच पुढील इतिहास कठीण आहे. लॉयल्टी जुने जहाज होते. व्यापारी दृष्टीने ते लाभाचे ठरले नाही आणि १९२३ मध्ये ते भंगारात काढावे लागले. दरम्यान परकीय कंपन्यांनी भाड्याचे दर झपाट्याने उतरवून नव्या कंपनीची कोंडी केली. अखेर १९२३ मध्ये लॉर्ड इंचकेप यांच्या कंपनीशी सिंदियाला करार करावा लागला. या करारामुळे कंपनी तगली. पण तिच्या जहाजांची एकूण क्षमता मर्यादित झाली आणि तिला किनारपट्टीच्या मालवाहतुकीपुरतेच राहावे लागले. ज्या महासागरासाठी हा खटाटोप केला, तोच काही वर्षांसाठी बंद झाला. वालचंदजींना हा करार मनापासून कधीच रुचला नाही.

येथे त्यांच्या धैर्याची दुसरी बाजू दिसते. माघार घ्यावी लागली, म्हणून त्यांनी समुद्र सोडला नाही. किनाऱ्यावरची वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, या मागणीचा त्यांनी सातत्याने पाठपुरावा केला. १९२८ मध्ये साराभाई नेमचंद हाजी यांनी त्याविषयीचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. नरोत्तम मोरारजी यांच्या १९२९ मधील निधनानंतर वालचंदजी सिंदियाचे अध्यक्ष झाले आणि १९५० पर्यंत त्या पदावर राहिले. १९३७ मध्ये कंपनीने हज यात्रेकरूंच्या वाहतुकीतही प्रवेश केला. एका जैन श्रेष्ठींच्या नेतृत्वाखालील कंपनीची जहाजे मुस्लिम बांधवांना त्यांच्या तीर्थयात्रेस घेऊन जात होती, ही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवण्याजोगी आहे.

श्रीपालाचा आदर्श

आयंबिलाच्या ओळीत श्रीपालराजा आणि मयणासुंदरी यांची कथा जैन समाजात भक्तिभावाने ऐकली जाते. सिद्धचक्राच्या आराधनेने श्रीपाल रोगमुक्त झाला, एवढा भाग सर्वांच्या स्मरणात असतो. पुढचा भाग मात्र तितकासा आठवला जात नाही. उज्जयिनीत श्वशुराच्या आश्रयाने तो सुखात राहत होता. राजवाडा होता, मान होता, प्रेमळ पत्नी व माता जवळ होत्या. परंतु नगरात आपण केवळ राजाचे जामात म्हणून ओळखले जातो, हे त्याच्या कानी आले आणि ते सुख त्याला बोचू लागले. स्वतःच्या पुरुषार्थाने काही मिळवावे या निश्चयाने तो घराबाहेर पडला, भरुचला पोहोचला आणि धवल शेठाच्या तांड्याबरोबर समुद्रप्रवासास निघाला. त्या प्रवासात त्याला समुद्रात ढकलून देण्यापर्यंत संकटे ओढवली, तरीही तो खचला नाही.

वालचंदजींचे जीवन पाहताना या कथेची आठवण होणे स्वाभाविक आहे. दुसऱ्याच्या कर्तृत्वातून लाभलेले सुख, मग ते श्वशुराचे असो वा पित्याचे, माणसाला उबदार वाटते. परंतु त्यात त्याची स्वतःची ओळख हरवते. परिग्रहाचा विचार करताना शास्त्रकारांनी वस्तूपेक्षा वस्तूवरील आसक्तीला अधिक महत्त्व दिले आहे. त्या दृष्टीने पाहिल्यास चालत्या दुकानाच्या गादीवरील आसक्ती हाही परिग्रहच होय. साधू घर सोडतो ते आत्मकल्याणासाठी, श्रावक घराबाहेर पडतो ते उद्यमासाठी. दोहोंच्या मार्गांत महदंतर असले, तरी पहिले पाऊल उचलताना लागणारी अनासक्ती एकाच जातीची असते.

माळरानावरील मळे

समुद्रावर झुंज सुरू असतानाच वालचंदजींनी मातीकडेही लक्ष दिले. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव येथे त्यांनी माळरान जमीन घेतली आणि तेथे उसाचा मळा फुलविला. १९३३ मध्ये रावळगाव शुगर फार्म ही कंपनी स्थापन झाली. पुढे तेथील गोळ्या-चॉकलेटे महाराष्ट्रातील घराघरात पोहोचली. अनेक पिढ्यांच्या बालपणात रावळगावच्या गोळीची गोडी मिसळलेली आहे. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात कळंब येथे अशाच रीतीने शेती आणि साखर कारखाना उभा राहिला आणि त्याभोवती वसलेल्या नगरास वालचंदनगर हे नाव मिळाले. ज्या वालचंदनगरात ऊस गाळण्यापासून प्रारंभ झाला, तेथील कारखान्याने पुढील काळात भारताच्या अवकाश कार्यक्रमासाठी अग्निबाणांचे सुटे भाग तयार केले. ज्या जमिनीकडे शहाण्या व्यापाऱ्याने पाठ फिरवावी, ती घेऊन त्यावर गाव वसविणे हे सागरी साहसाइतकेच मोठे होते.

उद्योजकांचे संघटन व्हावे म्हणूनही ते झटले. १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला आणि १९३२-३३ मध्ये भारतीय वाणिज्य व उद्योग महासंघाचे अध्यक्षपद भूषविले.

विमान, जहाज आणि मोटार

साधारणतः पन्नाशीनंतर माणूस आवराआवरीचा विचार करू लागतो. वालचंदजींनी त्यांचे सर्वांत मोठे तीन उपक्रम या वयानंतर हाती घेतले.

१९३९ मध्ये अमेरिकेतून हाँगकाँगकडे जाताना विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी भेट झाली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवीत असत. चीनमध्ये जे शक्य आहे ते भारतात का नाही, हा विचार वालचंदजींच्या मनाने घेतला. विमाने बांधण्याचा कोणताही अनुभव गाठीशी नसताना त्यांनी खटपट आरंभिली. म्हैसूर संस्थानाने आणि तेथील दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी जमीन व भांडवल देऊन या योजनेस पाठबळ दिले. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी अस्तित्वात आली. त्या वेळी वालचंदजींचे वय ५८ वर्षांचे होते. १९४१ मध्ये या कारखान्यातून पहिले प्रशिक्षण विमान तयार झाले. परंतु महायुद्ध भारताच्या दारी येऊन ठेपले आणि १९४२ मध्ये सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना आपल्या हाती घेतला. पाहता पाहता उभी केलेली वास्तू अवघ्या दीड वर्षात सोडावी लागली.

जहाजे केवळ चालविणे पुरेसे नाही, ती येथेच बांधली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. कलकत्त्यास योग्य जागा मिळाली नाही, तेव्हा त्यांनी विशाखापट्टणमची निवड केली. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील गोदीची पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी, ६ एप्रिल १९४२ रोजी, जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले आणि काम ठप्प झाले. युद्ध संपल्यावर ते पुन्हा सुरू झाले. १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या हस्ते जलउषा या जहाजाचे जलावतरण झाले. स्वतंत्र भारतात बांधून झालेले हे पहिले मोठे आगबोटीचे जहाज होय. १९१९ च्या त्या जुन्या, विकत घेतलेल्या जहाजापासून येथवर पोहोचण्यास २९ वर्षे लागली होती.

मोटारीची कथा याहून निराळी नाही. परदेशी कंपन्यांशी बोलणी करून त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीचे सहकार्य मिळविले. पण युद्धकाळात सरकारचे साहाय्य मिळाले नाही. तरीही १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि स्वातंत्र्याच्या वर्षी मुंबईत कुर्ला येथील कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली. त्यांच्या पश्चात याच कंपनीच्या प्रीमियर पद्मिनी या मोटारीने मुंबईच्या टॅक्सीला तिची परिचित ओळख दिली.

जमा आणि नावे

व्यापाऱ्याचे चरित्र वाचताना जमेची बाजू तेवढी पाहून चालत नाही, नावेची बाजूही पाहिली पाहिजे. वालचंदजींवर त्यांच्या हयातीतच टीका होत असे. एक काम पुरे होण्याआधी ते दुसरे हाती घेतात, भांडवलाची सदैव ओढाताण असते, नफ्यापेक्षा योजनेच्या भव्यतेवर त्यांचा लोभ अधिक, असे आक्षेप घेतले जात आणि त्यांत तथ्यही होते. टाटांबरोबरची भागीदारी १९३५ मध्ये संपुष्टात आली. विमानांचा कारखाना सरकारकडे गेला. जहाजबांधणीची गोदी त्यांच्या अखेरच्या काळात, १९५२ मध्ये, बव्हंशी सरकारच्या मालकीची झाली. सिंदिया कंपनीही पुढे काळाच्या ओघात लयास गेली. रावळगावच्या गोळ्यांची नाममुद्रा २०२४ मध्ये दुसऱ्या उद्योगसमूहाने विकत घेतली. केवळ मालकीचा ताळेबंद मांडला, तर त्यांनी आरंभिलेल्या मोठ्या कामांपैकी बरीचशी कामे घराण्याच्या हाती राहिली नाहीत, असेच म्हणावे लागेल.

परंतु दुसऱ्या वहीत निराळीच जमा दिसते. बंगळूरच्या कारखान्याचे १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये रूपांतर झाले आणि आज देशाची लढाऊ विमाने तेथे तयार होतात. विशाखापट्टणमची गोदी हिंदुस्थान शिपयार्ड म्हणून उभी आहे. मालकी गेली, पण काम राहिले. पेरलेले बी दुसऱ्याच्या शेतात उगवले म्हणून पेरणाऱ्याचे श्रम वाया गेले असे म्हणता येत नाही. सावकारी पेढीवर बसून राहिले असते, तर कदाचित वालचंदजींचा खासगी ताळेबंद अधिक नीटस राहिला असता. मात्र देशाच्या वहीत त्यांच्या नावाचे पान उघडले गेले नसते.

अखेरचे दिवस

१९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढील वर्षी ते व्यवसायातून निवृत्त झाले. सतत प्रवासात असणाऱ्या या पुरुषाला आजारपणाने जागी खिळवून ठेवले. पत्नी कस्तुरबाई यांनी या काळात त्यांची मनोभावे शुश्रूषा केली. गुजरातमधील सिद्धपूर येथे ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. उद्योगसमूहाची धुरा गुलाबचंद, रतनचंद आणि लालचंद या बंधूंनी सांभाळली. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि कस्तुरबाई वालचंद महाविद्यालय तसेच सोलापुरातील वालचंद शिक्षणसंस्था यांच्या रूपाने हे नाव विद्यार्थ्यांच्या पिढ्यांपर्यंत पोहोचले. २३ नोव्हेंबर २००४ रोजी भारतीय डाक विभागाने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट प्रकाशित केले.

नव्या पिढीपुढील प्रश्न

आलापल्लीसारख्या गावातील जैन घरांतून आज मुले-मुली शिक्षणासाठी चंद्रपूर, नागपूर, पुणे येथे जातात. त्यांतील काही परत येऊन दुकान सांभाळतात, काही बाहेरच स्थिरावतात. दुकान सांभाळणे कमीपणाचे नाही आणि शहरात नोकरी धरणे हेच साहस असेही नाही. शहरातली सुरक्षित नोकरी हीदेखील एक गादीच आहे. वालचंदजींच्या चरित्रातून घ्यावयाचा बोध गाव सोडण्याचा नसून गादीची पकड सोडण्याचा आहे. ज्या माळरानावर काही उगवत नाही असे म्हणतात, तेथे मळा फुलविणारा माणूस गावातच राहूनही साहसी असू शकतो. या अरण्याच्या प्रदेशात वनोपज, लाकूडकाम, शिक्षण, आरोग्य अशा कितीतरी वाटा अजून पुरत्या तुडविल्या गेलेल्या नाहीत.

वडीलधाऱ्यांनाही या चरित्रात विचार करण्यासारखे आहे. घरातील मुलाने बसलेली घडी मोडण्याची इच्छा व्यक्त केली की काळजीपोटी तिला विरोध होतो. ती काळजी खोटी नसते, कारण साहसात हानी होते हे लॉयल्टी जहाजाने दाखवूनच दिले आहे. परंतु ज्या पूर्वजांच्या बळावर आजचे सुख उभे आहे, त्यांनाही त्यांच्या वडीलधाऱ्यांनी कधीतरी अशाच काळजीने निरोप दिला असेल. तो निरोप दिला गेला नसता, तर या गावात जैन समाज, मंदिर वा ट्रस्ट काहीच नसते. पन्नास वर्षांपूर्वी ट्रस्टची स्थापना करणाऱ्यांनीही मोजक्या घरांच्या बळावर मोठे काम शिरावर घेतले होते, हे सुवर्णमहोत्सवाच्या आनंदात विसरता कामा नये.

धैर्य म्हणजे भयाचा अभाव नव्हे. हानी होऊ शकते हे ठाऊक असूनही, ज्याची गरज समाजाला आहे ते काम हाती घेणे आणि पहिल्या हानीनंतर दुसऱ्यांदा हाती घेणे, याला धैर्य म्हणावे. पहिल्यांदा घर सोडणारे पुष्कळ असतात; जहाज भंगारात गेल्यावर पुन्हा समुद्राकडे वळणारे विरळा. शेठ वालचंद हिराचंद त्या विरळांपैकी एक होते. त्यांच्या पुरुषार्थाचा अंश तरी जैन समाजाच्या येणाऱ्या पिढ्यांत उतरो, हीच जिनचरणी प्रार्थना आणि या उद्यमवीराच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.

जय जिनेंद्र.